कॅनॉल स्ट्रीटवरचा तबेला

वेनफोर्ड, ओहायो
४ मार्च १९५७

प्रिय व्हर्ना,

तुझा दमा कसा आहे? ट्यूसानची कोरडी हवा मानवते असं नाताळात लिहिलं होतंस. पण तू तक्रार करणाऱ्यांतली नाहीस, त्यामुळे तुझ्या 'बरं आहे'चा अर्थ लावायला मला नेहमीच वेळ लागतो.

हे पत्र मी स्वतः टाइप करतोय, मिस क्रान्झला न सांगता. चुका सांभाळून घे.

इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या खोलीत सकाळी ठरलेली गोष्ट आठवडाभरात रस्त्यापलीकडे 'बॅनर'च्या कचेरीत पोचलेली असते. जाहिरातीचे दर बदलायचं ठरवलं, तर आम्ही जाहीर करायच्या आत त्यांनी आपले दर उतरवले. रविवारची पुरवणी काढायचं ठरवलं, तर त्यांची पुरवणी आमच्या आधी बाजारात. भिंतीला कान असतात म्हणतात, माझ्या भिंतीला तोंडही फुटलंय. मिस क्रान्झ बावीस वर्षं माझी सेक्रेटरी आहे. तिच्यावर संशय घ्यायला लाज वाटते, पण घेतो. वितरणाचा प्रमुख बर्ट मॅकेल्हेनी हल्ली बॅनरच्या लोकांबरोबर बोलिंग खेळायला जातो. आणि आपल्या गेजसाहेबांची कन्या कोरिन क्लीव्हलँडच्या त्या कंपनीच्या माणसांबरोबर जेवते. त्यांच्याकडे अकरा वर्तमानपत्रं आहेत, बारावं आपलं 'कुरिअर' हवंय.

१२ एप्रिलला भागधारकांची सभा आहे, विकायचं की नाही ते ठरवायला. गेजसाहेबांनी जाताना मला आणि कोरिनला सारखा वाटा ठेवला आणि मधला छोटासा तुकडा तुला, तीस वर्षं निधनवार्ता लिहिल्याबद्दल. तू जिकडे झुकशील तिकडे कुरिअर जाईल. मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त एवढंच म्हणतो, की सतराव्या वर्षी मी या इमारतीत गठ्ठे बांधायला आलो. मग वितरण, जाहिरात, व्यवस्थापन आणि आता तीन वर्षं प्रकाशकाची खुर्ची. चाळीस वर्षं झाली. मला दुसरं काही येत नाही.

परवा रोटरीच्या जेवणात पुन्हा मिसेस टारबॉक्सची गोष्ट सांगायला लावली. चोवीस सालची. बॅनर आपल्या पहिल्या आवृत्तीतल्या निधनवार्ता उचलत होता. मी तुला म्हटलं, एक अशी बाई मार जी कधी जन्मलीच नाही. तू मिसेस झिल्फा टारबॉक्स लिहिलीस, आणि दुसऱ्या दिवशी बॅनरने ती छापली. वर स्वतःची भर, की बाई चर्चमध्ये तीस वर्षं गात होत्या! गेजसाहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले आणि मला वितरणाचा प्रमुख केलं. लोक अजून टाळ्या वाजवतात.

आता एक गोष्ट, फक्त तुझ्यासाठी. शिकागोहून नवं छपाई यंत्र घेतोय. ते कॅनॉल स्ट्रीटवरच्या हेंड्रिक्सच्या जुन्या तबेल्यात बसवणार. जागेची बोलणी झाली आहेत. याची वाच्यता कुठेही नको.

तुझा,
लोवेल

*

ट्यूसान, अ‍ॅरिझोना
११ मार्च १९५७

प्रिय प्रकाशकसाहेब,

दमा बरा आहे. बरा म्हणजे बरा, त्यात अर्थ लावण्यासारखं काही नाही.

ऑटिली क्रान्झवर संशय? जी बाई बावीस वर्षं तुझ्या कॉफीत दोन चमचे साखर घालते आणि डॉक्टरांना एकच सांगते, ती फितूर असेल तर तुझं रक्षण देवालाही जमायचं नाही. बर्टचं म्हणशील, तर त्याला बोलिंग येत नाही. बॅनरवाले त्याला हरवायला नेत असतील.

तबेल्याचं वाचून मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हेंड्रिक्सचा तबेला? अरे, तिथली जमीन दलदलीची. आपल्या लहानपणी त्याची पांढरी घोडी तिथे गुडघ्यापर्यंत रुतली होती. तिला ओढणाऱ्यांना तू झाडावर बसून शिकवत होतास, कसं ओढायचं ते. तेवढं मोठं यंत्र तिथे ठेवलंस तर तळघर आपोआप मिळेल. तू असा वेडेपणा करशील असं वाटत नाही. पण मला वेनफोर्ड सोडून चार वर्षं झाली, काय सांगावं.

मिसेस टारबॉक्सला तू रोटरीत अजून किती वेळा मारणार आहेस? आपण पत्ता म्हणून मोकळी जागा दिली होती, तर कुणीतरी तिथल्या कुंपणाला फुलं अडकवून गेलं. एक म्हातारा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "झिल्फा माझ्या वर्गात होती हो. फार चटपटीत मुलगी." त्याला खरं सांगायचा मला धीर झाला नाही. तू गोष्ट सांगताना त्या म्हाताऱ्याला गाळतोस. आणखीही एक गोष्ट गाळतोस, पण ती राहू दे. रोटरीचं जेवण पचायला हवं लोकांना.

कोरिन जानेवारीत इथे येऊन गेली. डबाभर पिकानचे दाणे आणले होते, भाजून, मीठ लावून. दोन तास बसली. काय बोलली ते भेटीत सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

राहिलं मत. तू मागत नाहीस, मग मीही सांगत नाही. सत्तावन्न वर्षं तुझी बहीण आहे मी. तुला ठाऊक असायला हवं.

तुझी,
व्हर्ना

*

वेनफोर्ड
२२ मार्च १९५७

व्हर्ना,

तुझं पत्र पोचलं. सोबत परवाच्या बॅनरमधलं कात्रण जोडलं आहे. पहिलं पान, डावीकडे खाली. 'कुरिअरचं नवं यंत्र कॅनॉल स्ट्रीटवरच्या हेंड्रिक्स तबेल्यात.'

दोन प्रश्न. जानेवारीनंतर कोरिन पुन्हा तुझ्याकडे आली होती का? की तू तिला पत्र लिहिलंस?

पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं ते काय होतं, हे आता मी विचारत नाही. मताचंही विचारत नाही. उत्तर मिळालं असं धरून चालतो.

यापुढचं वकिलांमार्फत झालं तर दोघांनाही सोपं जाईल.

आपला,
एल. आर. ट्रेसलर

*

ट्यूसान
२६ मार्च १९५७

लोवेल रॉबर्ट ट्रेसलर,

पूर्ण नावाने सही करायची असेल तर नीट कर. आईने दोन नावं दिली होती.

तुझं कात्रण वाचलं आणि आधी मला काहीच कळेना. मी कुणाशी बोलले? शेजारच्या मिसेस ओर्तेगांशी मी त्यांच्या कोंबड्यांवरून भांडते, तबेल्यावरून नाही. मग तुझी ती ओळ पुन्हा वाचली, 'आता एक गोष्ट, फक्त तुझ्यासाठी', आणि उलगडा झाला. लोवेल, तबेला खोटा होता. तू मला तबेला सांगितलास, ऑटिलीला दुसरी जागा आणि बर्टला तिसरी. जी जागा बॅनरमध्ये उगवेल तिचा मालक चोर. खरं की नाही? मिसेस टारबॉक्सला मी जन्म दिला रे. ते गळ कसे बांधतात ते तू मला शिकवायला निघालास? मलाच मासळी समजून माझ्यावर गळ टाकलास, आणि वर रागही तुलाच!

मी खूप रडले. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

आता डोकं थंड करून ऐक. इतर दोघांना तू तोंडी सांगितलं असणार. मला तेवढं लिहून. स्वतः टाइप करून. तुझ्या खोलीत दारावर पाटी आहे, तूच लावलेली, 'नकलेशिवाय कागद नाही'. तू आईला वाढदिवसाचं पत्र लिहायचास त्याखालीसुद्धा कार्बन घालायचास. या पत्राखालीही घातला असशील. मग ती नक्कल नेहमीसारखी टेबलावरच्या खिळ्याला टोचलीस. खिळा भरला की कागद पोत्यात. आणि पोतं कुठे जातं?

ते तुला मी सांगायचं? रोटरीत तू जी गोष्ट गाळतोस ती हीच. मिसेस टारबॉक्सने बॅनरचं हसं झालं, पण तुला बढती मिळाली ती त्यामुळे नव्हे. पुढचं वर्षभर तू दर शनिवारी दुपारी योस्ट रद्दीवाल्याच्या गोदामात जाऊन बॅनरची पोती चाळायचास. त्यांचे कार्बन, त्यांचे जाहिरातदार, त्यांचे दर. ते चुरगळलेले कागद मी आईच्या इस्त्रीने सपाट करून द्यायचे. तू ते गेजसाहेबांना नेऊन द्यायचास आणि ते कधी विचारायचे नाहीत. बॅनरलाही कधीतरी अक्कल येणारच होती. तुला सगळीकडे माणसंच चोर दिसतात, कारण चोराच्या मनात चांदणं. खिळा मात्र दिसत नाही, कारण तो रोज समोर असतो.

कोरिनने मला काय विचारलं तेही ऐक. तिला क्लीव्हलँडवाल्यांपैकी एकाशी लग्न करायचंय. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, आणि लोक हसतील का, असं ती मला विचारत होती. ते भेटीत सांगायचं होतं. तिने मत मागितलं नाही. मागितलं असतं तरी मी दिलं नसतं.

सोबत कागद आहे. माझं मत तुझ्या नावे. मिसेस ओर्तेगांसमोर सही केली आहे, त्यांची सही खाली. हे मी तुझं बावीस तारखेचं पत्र यायच्या आधीच करून ठेवलं होतं, तारीख बघ. रागावले म्हणून फाडणार होते, नाही फाडलं.

व्हर्ना

*

ट्यूसान
५ एप्रिल १९५७

लोवेल,

कागद पोचला का? एक ओळ लिही. भांडण नंतर करू.

व्ह.

*

वेनफोर्ड
१५ एप्रिल १९५७

आदरणीय मिसेस व्हर्ना हॅस्केट,

मी आपल्याला पत्र लिहिणं माझ्या पदाला धरून नाही, हे मला कळतं. पण मी आता त्या पदावर नाही, त्यामुळे लिहिते.

आपली दोन पत्रं वेळेवर आली होती. पाकिटावर 'खाजगी' लिहिलेलं असल्याने मी ती न उघडता साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनीही ती उघडली नाहीत. "वकिलाला द्यायची आहेत," म्हणाले आणि खालच्या खणात टाकली. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा माझ्याकडे असं बघितलं, की मी तिसऱ्यांदा केली नाही. ती करायला हवी होती.

९ तारखेला, म्हणजे सभेच्या तीन दिवस आधी, साहेबांनी आपला वाटा क्लीव्हलँडच्या लोकांना विकला. वकिलाला सांगताना मी खोलीतच होते. "बहीण कोरिनबरोबर गेली आहे. सभेत हाकललं जाण्यापेक्षा आपणच आधी सोडलेलं बरं," असं म्हणाले. त्या लोकांनी त्यांना दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवलं आहे. तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारची खोली. मला आणि बर्टना नोटीस मिळाली.

आज सकाळी ते खोली रिकामी करत होते. मी खणातून पत्रं काढली आणि म्हटलं, "ही वाचल्याशिवाय मी खोक्याला दोरी बांधणार नाही." बावीस वर्षांत मी त्यांना नाही म्हटल्याची ही पहिली वेळ.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. तो सहीचा कागद खाली पडला. मी उचलून दिला, तर घेईनात. मग म्हणाले, "ऑटिली, माझ्या खिळ्यावरचे कागद कुठे जातात?"

मी म्हटलं, "पोत्यात, साहेब."

"आणि पोतं?"

"दर शनिवारी योस्टकडे. एकतीस सालापासून, मी यायच्या आधीपासून. आपणच ठरवून दिलंय, पोती एकाच ठिकाणी जावीत म्हणून."

ते टोपी न घालता बाहेर गेले. त्यांना टोपीशिवाय रस्त्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक. मार्चमध्ये त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की नवं यंत्र जुन्या पिठाच्या गिरणीत बसणार. मला किती अभिमान वाटला होता. काल बर्टबरोबर कॉफी घेताना कळलं, की त्यांना स्टेशनमागचं मैदान सांगितलं होतं. मग बर्ट म्हणाले, "म्हणजे आपण दोघं पास झालो की!" पण त्यांना हसता आलं नाही.

आपली नम्र,
ऑटिली क्रान्झ

*

वेनफोर्ड
१९ एप्रिल १९५७

व्हर्ना,

हे पत्र हाताने लिहितोय, घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. याची नक्कल नाही. चाळीस वर्षांत नक्कल नसलेला हा माझा पहिला कागद असेल. लिहिताना सारखा हात खालचा कार्बन सरळ करायला जातो.

योस्टकडे गेलो होतो. म्हातारा केव्हाच वारला, आता मुलगा बघतो. त्याच पत्र्याच्या गोदामात, त्याच उतरत्या फळीवर पोती. मला बघून त्याने बसायला खोका दिला.

"कुरिअरची पोती कोण बघतं?" मी विचारलं.

"बॅनरमधून एक माणूस येतो, शनिवारी दुपारी. चांगला माणूस आहे, पसारा करत नाही. आवरून जातो."

"कधीपासून?"

"मी धंद्यात आलो तेव्हापासून. सोळा-सतरा वर्षं झाली."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, मिस्टर ट्रेसलर. बाबा सांगायचे, आधी तुम्ही यायचात त्यांचं बघायला. मग त्यांची पाळी आली. आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. रद्दी ती रद्दी."

येताना बॅनरच्या दारावरून आलो. त्यांच्या खिडकीत आमच्याच तबेल्याची बातमी अजून चिकटवलेली होती.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुला फोन करून सांगता आलं असतं. इतरांना तोंडावर खोटं सांगितलं आणि तुला लिहून, याचं कारण हेच, की तुझ्या आवाजापुढे माझं खोटं टिकलं नसतं. म्हणजे तू खरी आहेस हे मला आतून ठाऊक होतं. तरी गळ टाकला. हे मला माझं मलाच समजावता येत नाही. लहानपणापासून तू एकटी मला हसायचीस आणि मला राग यायचा नाही. हा वर्तमानपत्राचा धंदा मी जन्मभर अशा समजुतीने केला, की दुसऱ्याच्या मनातलं आधी कळलं पाहिजे. तुझं कळायला तीन सेंटचं टपाल आणि एक पाकीट उघडण्याइतकीच मेहनत होती.

तुझ्या सहीचा कागद माझ्यासमोर आहे. तारीख अठरा मार्च. तो वेळेत पाहिला असता तर कुरिअर आपलं राहिलं असतं. सतरा दिवस तो माझ्या गुडघ्यापाशी खणात होता.

मिस क्रान्झ आणि बर्ट यांच्यासाठी क्लीव्हलँडवाल्यांशी बोललो. माझं आता तिथे कुणी ऐकत नाही.

टाकीशेजारच्या खोलीत मी गेलो नाही, जाणारही नाही. मला क्षमा कर असं लिहायला बसलो होतो, पण ते लिहिण्याचा अधिकार नाही. ट्यूसानला आलो तर चालेल का?

लोवेल

*

ट्यूसान
२५ एप्रिल १९५७

लोवेल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते चार वेळा वाचलं, आणि मला ते खरं वाटलं. खूप बरं वाटलं. मिसेस ओर्तेगांना म्हणाले, माझा भाऊ येतोय. त्यांनी कोंबडी देऊ केली.

मग चहा करताना माझ्या मनात आलं, हे पत्र त्याने आणखी कुणाला लिहिलं असेल? कोरिनला वेगळं आणि मला वेगळं असं नसेल? चहा तसाच ठेवला आणि पुन्हा वाचायला बसले. पण या वेळी वाचत नव्हते, शोधत होते. यातलं कुठलं वाक्य फक्त माझ्यासाठी घातलंय? टोपी घातली नव्हतीस हे तू का लिहिलं नाहीस, जे ऑटिलीने लिहिलं? सतरा दिवस तू मोजलेस ते कशाला? तू गोदामाची उतरती फळी एवढी सांगितलीस, ती मला पटावी म्हणून की ती तशी आहे म्हणून? मला आठवते ती फळी. तशीच होती. तरी विचार करत राहिले.

ही वेळ तू माझ्यावर आणलीस, लोवेल. वर्तमानपत्र गेलं त्याचं मला तेवढं नाही. त्यात तीस वर्षं मी लोकांचे शेवट लिहिले, एका वर्तमानपत्राचा शेवट मला सोसतो. पण तुझं पत्र आलं की मी आधी हसायचे आणि मग उघडायचे. आता आधी उजेडाकडे धरून बघते.

तेव्हा पत्रं पुरेत. ३ मेच्या गाडीने ये. स्टेशनवर मी असेन. काही लिहून आणू नकोस, काही सांगूही नकोस लगेच. नुसता उतर. तुझं तोंड बघू दे मला.

व्हर्ना